सोलापूरच्या उन्हात स्पोर्ट्स कारला सुपरचार्जर बसवताना: पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांसाठी

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत ट्यून केलेलं सुपरचार्ज्ड इंजिन एप्रिलच्या दुपारी ठोके द्यायला लागतं, म्हणजे आतलं इंधन वेळेआधी आपोआप पेटतं (नॉकिंग). गाडी तीच, बूस्ट (सुपरचार्जरने हवेला दिलेला जादा दाब) तेवढाच, पेट्रोलही त्याच पंपावरचं. बदललेली असते ती फक्त हवा. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर फिरणारा ब्लोअर, हवा दाबताना ती आणखी तापवतो. थंड देशांतल्या गाड्यांसाठी लिहिलेल्या सूचना इथे जशाच्या तशा वापरल्या की पिस्टन जळतात. म्हणून या लेखात बोल्ट आवळण्यापेक्षा थंडावा आणि इंधन यांवर जास्त लिहिलं आहे.

उदाहरणासाठी गाडी धरली आहे ५ लिटर व्ही-८ ची फोर्ड मस्टँग जीटी. २०१६ पासून ती भारतात उजव्या स्टीअरिंगसह अधिकृतपणे विकली गेली, तिच्यासाठी तयार किट मिळतात आणि तिच्या इंजिनाच्या खोडी जगभर माहीत झाल्या आहेत. तुमची गाडी दुसरी असेल तर आकडे बदलतील, पायऱ्या बदलणार नाहीत.

आधी कायदा, मग पाना

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीत असलेल्या उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सीएनजी किटला मान्यताप्राप्त संस्थेची मंजुरी असते म्हणून ते आरसीवर चढतं. बाहेरून मागवलेल्या सुपरचार्जर किटला तसा रस्ता नाही.

याचा अर्थ सरळ आहे. हे काम फक्त ट्रॅकवर चालवायच्या गाडीवर करा. एमएच-१३ ची पाटी लावून ही गाडी होटगी रोडवर किंवा पुणे हायवेवर काढायची नाही. पीयूसी पास झाली म्हणजे गाडी कायदेशीर झाली, हा समज चुकीचा आहे. पीयूसीत धूर मोजला जातो, इंजिनावर काय बसवलं आहे ते बघितलं जात नाही. अपघात झाला तर विमा कंपनी न कळवलेल्या बदलाकडे बोट दाखवून दावा नाकारू शकते, आणि समोरच्याला इजा झाली असेल तर ते ओझं तुमच्यावर येतं.

गाडी कायमची ट्रॅकसाठी ठेवायची असेल तर नोंदणीचं काय करायचं ते काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारून घ्या. नोंदणी रद्द करण्याची तरतूद कलम ५५ मध्ये आहे. कर्ज असेल तर बँकेची एनओसी आधी लागते. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईचा किंवा कोइंबतूरचा ट्रॅक गाठायचा तर गाडी फ्लॅटबेड ट्रकवरून न्यायची. स्पर्धेत उतरायचं असेल तर एफएमएससीआयचं (मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचं) लायसन्स काढावं लागतं.

पायरी १: आहे ते इंजिन तपासा

सुपरचार्जर कमजोर इंजिन सुधारत नाही, त्याची कमजोरी उघडी पाडतो. किटची ऑर्डर देण्याआधी तीन गोष्टी मोजून घ्या.

कॉम्प्रेशन टेस्ट गरम इंजिनावर करायची. फ्युएल पंपाचा फ्यूज काढा, कॉइलचे कनेक्टर काढा, सगळे प्लग बाहेर घ्या आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून मोजा. आठही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत हवेत. थ्रॉटल बंद ठेवून मोजलं तर आकडा कमी येतो आणि मिस्त्री उगाच रिंगा बदलायला सांगतो.

दुसरी लीक-डाउन टेस्ट: सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून किती गळते ते मोजायचं. गळती १० टक्क्यांच्या वर असेल तर हवा कुठून जाते ते ऐका: ऑइल फिलरमधून आवाज आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

तिसरी म्हणजे गरम इंजिनावरचा ऑइल प्रेशर, आयडलला आणि वरच्या आरपीएमला. मस्टँगच्या या इंजिनात ऑइल पंपाचे गिअर आणि क्रँकचं स्प्रॉकेट पावडर मेटलचं असतं. जास्त ताकदीवर इंजिन वारंवार रेव्ह लिमिटरला आदळलं की ते फुटतात, ऑइल प्रेशर जातो आणि काही सेकंदांत बेअरिंगा बसतात. स्टीलचे गिअर टाकायचे तर टायमिंग कव्हर उघडावं लागतं. काम मोठं आहे, पण गाडी ट्रॅकवरच पळणार असेल तर ते आत्ताच करून घ्या.

पायरी २: बूस्ट किती, ते कागदावर ठरवा

सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंच आहे. इथला हवेचा दाब साधारण १३.९ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) भरतो. ७ पीएसआय बूस्ट धरला तर दाबाचं गुणोत्तर २०.९ भागिले १३.९, म्हणजे साधारण १.५.

आता उष्णता बघा (ब्लोअरचे प्रकार पुढच्या पायरीत समजावले आहेत). ४२ अंशांची हवा दीडपट दाबली तर ६० टक्के कार्यक्षमतेचा रूट्स ब्लोअर ती १०५ अंशांच्या आसपास बाहेर टाकतो. ७२ टक्के कार्यक्षमतेचा ट्विन-स्क्रू किंवा सेंट्रिफ्युगल असेल तर ९५ च्या आसपास. ७० टक्के काम करणारा इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) लावला तर रूट्सची हवा इंजिनात ६० अंशांनी शिरते. जानेवारीतल्या २८ अंशांच्या दुपारी हाच आकडा ४६-४७ असतो. सुरुवातीला सांगितलेले ठोके या १४ अंशांच्या फरकातून येतात.

मस्टँगच्या २०१५ ते २०१७ च्या पिढीतल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन ११:१ आहे, म्हणजे मुळातच जास्त. आतले पिस्टन-रॉड न बदलता, पंपावरच्या पेट्रोलवर आणि सोलापूरच्या उन्हात ६ ते ७ पीएसआयच्या वर जाऊ नका. बाहेरच्या देशांत याच इंजिनावर ९-१० पीएसआय चालवतात, पण तिथली हवा आणि पेट्रोल वेगळं असतं. भारतात ही गाडी सुमारे ४०० पीएसची म्हणून विकली गेली. इंजिन निरोगी असेल तर ७ पीएसआयवर क्रँकला ५५० च्या आसपास अश्वशक्ती धरायला हरकत नाही. पुढची सगळी गणितं याच आकड्यावर मांडली आहेत.

पुलीचं गणित: क्रँक पुलीचा व्यास भागिले ब्लोअर पुलीचा व्यास, गुणिले इंजिनाचा आरपीएम. क्रँक पुली १७० मिमी आणि ब्लोअर पुली ८५ मिमी असेल तर ६,५०० आरपीएमला ब्लोअर १३,००० ने फिरतो. सेंट्रिफ्युगलच्या आत आणखी एक गिअर असतो, त्याचं गुणोत्तर वेगळं गुणायचं. येणारा आकडा उत्पादकाने दिलेल्या मर्यादेच्या आत हवा. छोटी पुली लावून बूस्ट वाढवण्याचा मोह ट्यूनिंग होऊन एक उन्हाळा पार पडेपर्यंत आवरा.

पायरी ३: प्रकार निवडा

रूट्स आणि ट्विन-स्क्रू दोन्ही इनटेक मॅनिफोल्डच्या जागी, व्ही-८ च्या खाचेत बसतात. खालच्या आरपीएमपासून पूर्ण बूस्ट देतात, कमी वेगातही गाडी ताकदवान वाटते. पण बसतात इंजिनाच्या डोक्यावर. खालून इंजिनाची उष्णता, वरून बॉनेट. दोन लॅप जोरात मारून पिटमध्ये थांबलात की ब्लोअरचा अख्खा धातू तापतो आणि पुढच्या लॅपला हवा तापलेलीच मिळते.

सेंट्रिफ्युगल म्हणजे बेल्टवर फिरणारा टर्बोचा कॉम्प्रेसर. तो इंजिनाच्या पुढच्या बाजूला कंसावर (ब्रॅकेटवर) बसतो. त्याचा बूस्ट साधारण आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतो: ६,५०० ला ७ पीएसआय असेल तर ३,२५० ला जेमतेम पावणेदोन. खालच्या आरपीएमला, जिथे ठोक्यांचा धोका सर्वांत जास्त, तिथे इंजिनावर ताण कमी येतो. त्याचा एअर-टू-एअर इंटरकूलर बंपरमागे बसतो आणि त्याला पंप, पाणी काही लागत नाही.

सोलापूरसाठी आमचं मत सेंट्रिफ्युगलच्या बाजूने आहे. त्यातली अडचण एकच: इंटरकूलर रेडिएटरची हवा अडवतो. तिच्यावरचा उपाय सहाव्या पायरीत आहे.

एक सापळा इथेच सांगायला हवा. बहुतेक किट डाव्या स्टीअरिंगच्या गाडीवर आखलेले असतात. आपल्या गाडीत ब्रेक बूस्टर, मास्टर सिलिंडर आणि स्टीअरिंगचा शाफ्ट उजवीकडे. एखादा पाइप, इंटरकूलरची टाकी किंवा कंस नेमका तिथे धडकतो. "याच मॉडेलच्या उजव्या स्टीअरिंगच्या गाडीवर बसलेला आहे का", हे विक्रेत्याकडून लेखी घ्या आणि बसवलेल्या गाडीच्या बॉनेटखालचा फोटो मागा. माल आल्यावर ब्रेकचा पाइप वाकवून जागा करणं हा पर्याय धरूच नका.

पायरी ४: सामान आणि कागद

किटमध्ये काय येतं त्यापेक्षा काय येत नाही याची यादी महत्त्वाची. हे वेगळं घ्यावं लागतं:

- एक श्रेणी थंड स्पार्क प्लग ८, आणि सुटे ८
- मोठे इंजेक्टर ८ आणि फ्युएल पंप
- ३ बारचा मॅप सेन्सर (इनटेकमधला दाब मोजणारा), कारण मूळ सेन्सर बूस्ट पूर्ण मोजू शकेलच असं नाही
- वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर (धुरावरून हवा-इंधनाचं मिश्रण मोजणारा) गेजसह, बूस्ट गेज, फ्युएल प्रेशर गेज
- ऑइल कॅच कॅन (क्रँककेसच्या वाफेतलं ऑइल अडवणारा डबा)
- सुटा बेल्ट, तोही नेमक्या लांबीचा
- इनटेकचे सगळे गॅस्केट आणि ओ-रिंग नवे
- पूर्ण सिंथेटिक ऑइल (इंजिनात आठ लिटरला थोडं कमी लागतं, पण दोनदा बदलायचं असल्याने सोळा लिटर घ्या) आणि दोन फिल्टर
- डिस्टिल्ड वॉटर २० लिटर
- ईसीयू (इंजिनाचा संगणक) वाचण्या-लिहिण्याचं उपकरण, त्या गाडीच्या परवान्यासह

हत्यारांत दोन टॉर्क पाने लागतात, एक १०-१२ एनएमच्या छोट्या बोल्टसाठी आणि एक मोठा. फिलर गेज, फ्युएल लाइनची कुलपं सोडवायचं हत्यार आणि ६० सेंमीची सरळ पट्टी हवी. एकाच मोठ्या टॉर्क पान्याने इनटेकचे बोल्ट आवळले तर ॲल्युमिनियमचे आटे जातात आणि मग हेडवर हेलिकॉइल (नव्या आट्यांसाठीची तारेची गुंडाळी) बसवत बसावं लागतं.

कागदांत किटचं खरं बिल, पैसे पाठवल्याची बँकेची पावती, केवायसीसाठी पॅन आणि आधार, आणि सुटल्यावर मिळणारी बिल ऑफ एंट्री (कस्टम्सचा आयातीचा कागद). विक्रेता "बिलावर कमी किंमत टाकतो" म्हणाला तर नाही म्हणा. कस्टम्सने अडवलेला माल सोडवताना दंड आणि गोदामभाडं मिळून वाचवलेल्या ड्युटीपेक्षा जास्त जातं. बिल ऑफ एंट्री जपून ठेवा, पुढे गाडी विकताना किटचा मालक कोण हे त्यावरूनच सिद्ध होतं.

पायरी ५: इंधन

ही पायरी घाईत उरकली तर इंजिन गेलंच समजा.

पंपावरचं पेट्रोल आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं आहे. आपला जिल्हा उसाचा आणि साखर कारखान्यांचा, त्यामुळे इथेनॉल म्हणजे काय हे इथे कुणाला सांगायला नको. इंजिनासाठी त्याचे दोन अर्थ होतात. चांगला अर्थ: ठोक्यांना प्रतिकार वाढतो आणि इनटेकमध्ये थोडा गारवा मिळतो. दुसरा: तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५. म्हणजे सुमारे ९ टक्के जास्त इंधन.

गणित असं. बूस्टवरचं पेट्रोल इंजिन एका अश्वशक्तीला तासाला साधारण ०.२८ किलो इंधन खातं. ५५० गुणिले ०.२८ म्हणजे १५४ किलो. त्यात ९ टक्के मिळवले की १६८. आठ इंजेक्टरांत वाटले तर प्रत्येकी २१ किलो. इंजेक्टर ८० टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नसतो, म्हणून २१ भागिले ०.८, म्हणजे साधारण २६ किलो, म्हणजेच मिनिटाला सुमारे ५८० सीसी.

इथे अजून एक वजाबाकी राहते. टाकीतल्या रेग्युलेटरने रेलचा (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब कायम ठेवणाऱ्या गाडीत बूस्ट इंजेक्टरच्या तोंडावर उलटा दाब देतो. ३.८ बारमधून ०.५ बार गेला की प्रवाह सुमारे ७ टक्के घटतो. तो धरून आकडा ६२० वर जातो. म्हणून ६५० सीसीच्या खाली इंजेक्टर घेऊ नका.

पंपाला तासाला २२० लिटरच्या वर द्यावे लागतात. वर २० टक्के हात राखून ठेवा. पंपाच्या डब्यावर लिहिलेला आकडा बहुधा ३ बारचा असतो, दाब वाढला की तो खाली येतो. म्हणून तक्त्यात तुमच्या दाबाच्या ओळीत २७० लिटर दिसले पाहिजेत. पंपाची जुनी वायरिंग तशीच ठेवली तर व्होल्टेज पडतं आणि वरच्या आरपीएमला पंप दमतो. बॅटरीवरून वेगळी जाड वायर, फ्यूज आणि रिले टाका.

ऑक्टेनचा सापळा: पुण्या-मुंबईसारख्या निवडक शहरांत १०० ऑक्टेनचं एक्सपी १०० मिळतं. डायनो (इंजिनाची ताकद मोजायचं यंत्र) पुण्यात, टाकी तिथल्याच पंपावर भरलेली, ट्यून त्यावर झालेलं, आणि गाडी सोलापुरात आल्यावर इथलं पेट्रोल पडलं की टायमिंग जास्त ठरतं. ज्या पेट्रोलवर गाडी पळणार, तेच कॅनमध्ये भरून डायनोला न्या आणि त्यावरच ट्यून करा.

ट्रॅकची गाडी महिनोन् महिने उभी असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पावसाळ्यात टाकीच्या तळाला पाण्याचा थर साचू शकतो. जूनच्या आधी टाकी रिकामी करून ठेवा.

पायरी ६: थंडावा

इंटरकूलर, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर एकामागे एक बसले की हवा सोपा रस्ता शोधते आणि बाजूंनी निघून जाते. बंपरच्या जाळीपासून रेडिएटरच्या कडेपर्यंत दोन्ही बाजू आणि तळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याने आणि फोमच्या पट्टीने बंद करा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत पत्रा कापून वाकवून देणारे पुष्कळ आहेत. आधी पुठ्ठ्याचा नमुना करून न्या. मोठ्या रेडिएटरपेक्षा या पत्र्याचा फरक जास्त पडतो, आणि खर्च त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

ट्रॅकची गाडी असेल तर कंडेन्सर काढून टाकण्याचाही विचार करा. फिन्समध्ये धूळ आणि कडब्याचा भुसा बसतो. महिन्यातून एकदा इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, हलक्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशरने फिन्स आडव्या पडतात.

रूट्स किंवा ट्विन-स्क्रू घेतला असेल तर इंटरकूलरला पाण्याचं स्वतंत्र सर्किट असतं. बाहेरच्या सूचना त्यात अर्धं कूलंट, अर्धं पाणी सांगतात, कारण तिकडे पाणी गोठतं. सोलापुरात ते कधी गोठत नाही. कूलंटमुळे पाण्याची उष्णता वाहण्याची ताकद कमी होते, म्हणून डिस्टिल्ड वॉटरमध्ये फक्त गंजरोधक मिसळा. बोअरचं पाणी चुकूनही टाकू नका. आपल्याकडचं पाणी जड, बारीक नळ्यांत पांढरा थर धरतो आणि एका उन्हाळ्यात इंटरकूलरचं काम अर्ध्यावर येतं. टाकी सर्किटमध्ये सर्वांत उंचावर हवी. पंप चालू करून टाकीत पाणी फिरताना दिसतंय का बघा. फिरत नसेल तर हवा अडकली आहे; गाडीचं तोंड जॅकवर उचलून पाइप दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत.

मस्टँग इथे ६ स्पीड ऑटोमॅटिकसहच विकली गेली. वाढलेला टॉर्क त्या गिअरबॉक्सचं ऑइल तापवतो. वेगळा कूलर लावा आणि त्यात मर्कॉन एलव्हीच टाका.

पायरी ७: बसवणी

दोन माणसं, तीन ते चार दिवस. धूळ नसलेली जागा निवडा आणि वारा सुटलेल्या दुपारी इनटेक उघडू नका.

१. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. फ्युएलचा दाब सोडा, गरम इंजिनावर हे काम करू नका.

२. कूलंट काढा. पुढचा बंपर, एअर बॉक्स, गरज असेल तिथे इनटेक उतरवा. हेडची तोंडं उघडी पडताक्षणी चिकटपट्टीने बंद करा. नुसता बोळा कोंबू नका. त्याचे धागे आत जातात, आणि एखादा नट पडला तर हेड उतरवावं लागतं.

३. नव्या प्लगची गॅप ०.७ ते ०.८ मिमी करा. मूळ गॅप ठेवली तर बूस्टखाली ठिणगी विझते आणि वरच्या आरपीएमला गाडी तुटक पळते. गॅप प्लगच्या बाहेरच्या (अर्थच्या) पट्टीवरून वाकवा, मधल्या बारीक इरिडियमच्या टोकाला गेज टेकवू नका.

४. इंजेक्टरच्या ओ-रिंगला स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट लावून बसवा. कोरडी ओ-रिंग चिरते आणि पेट्रोल गळून आग लागते.

५. ब्लोअर स्वतःच्या ऑइलवर चालणारा असेल तर उत्पादकाचंच ऑइल, सांगितलेल्या खुणेपर्यंत. इंजिनाच्या ऑइलवर चालणारा असेल तर परतीचा पाइप जाड आणि सतत उताराचा हवा. मध्ये पोटात झोल राहिला तर ऑइल साचतं, सील ओलांडून इनटेकमध्ये जातं आणि गाडी निळा धूर टाकते.

६. आता बेल्ट. मागावर काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: पुल्या एका रेषेत नसतील तर पट्टा टिकत नाही. सरळ पट्टी क्रँक पुलीच्या तोंडावर टेकवा आणि बाकीच्या पुल्या तिला लागतात का बघा. फरक १ मिमीच्या आत हवा. जास्त असेल तर कंसाखाली शिम (पातळ चकती) टाका, बोल्ट ढिला ठेवून भागवू नका. ब्लोअरच्या पुलीला बेल्टने निदान अर्धा वेढा घातला पाहिजे. वेढा कमी असेल तर ताण वाढवून उपयोग होत नाही, नुसती बेअरिंगं जातात. त्याऐवजी आयडलर पुली (बेल्टला फक्त दिशा देणारी) हलवा. शिम किंवा आयडलरचा बुश लेथवर करून घ्यायचा तर चिंचोळीत किंवा अक्कलकोट रोडला होईल. कॅमशाफ्ट बनवून जगभर पाठवणाऱ्या या गावात मायक्रॉनमध्ये बोलणारे टर्नर मिळतात. माप मात्र लिहून द्या, तोंडी नको.

७. बायपास व्हॉल्व्ह पाय काढल्यावर जादा हवा सोडतो; त्याचा व्हॅक्यूम पाइप थ्रॉटलच्या पलीकडून, इंजिनाच्या बाजूने घ्या. अलीकडून घेतला तर व्हॉल्व्ह वेळेवर उघडत नाही, पाय काढल्यावर हवा ब्लोअरवर उलटी आदळते. मास एअर सेन्सर ब्लोअरच्या आधी असेल तर बायपासची हवा परत आतच सोडा. बाहेर सोडली तर ईसीयू मोजलेल्या हवेचं इंधन टाकतो आणि इंजिन भिजतं.

८. ब्रेक बूस्टर आणि क्रँककेसच्या पाइपांतले एकमार्गी व्हॉल्व्ह तपासा. तोंडाने फुंकून बघा, एकाच दिशेने हवा गेली पाहिजे. कॅच कॅन इथेच जोडा. ऑइलची वाफ इनटेकमध्ये गेली की पेट्रोलची ठोक्यांना तोंड द्यायची ताकद घटते.

९. सिलिकॉनच्या प्रत्येक जोडावर टी-बोल्टचा क्लॅम्प. साध्या स्क्रूच्या पट्ट्या बूस्टखाली निसटतात. शेवटी फिरत्या भागांपासून प्रत्येक वायर आणि पाइप निदान दोन बोटं लांब बांधा.

पायरी ८: पहिला स्टार्ट

नव्या इंजेक्टरांची बेस फाइल (सुरुवातीची सेटिंग) ईसीयूत भरल्याशिवाय चावी फिरवायची नाही. मूळ फाइल मोठ्या इंजेक्टरांना जुने समजते, पेट्रोलचा पूर येतो आणि सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन निघतं. किटसोबत आलेली परदेशी फाइल तशीच भरणंही चूक आहे. तुमच्या गाडीची मूळ फाइल आधी वाचून घ्या, दोन ठिकाणी साठवा, आणि ट्यूनरला त्याच फाइलवरून बेस बनवायला सांगा.

कूलंट भरा, नवं ऑइल आणि फिल्टर टाका. इंजेक्टर बंद ठेवून स्टार्टर दहा-दहा सेकंद मारा, ऑइल प्रेशर येईपर्यंत. मग इग्निशन दोन-तीनदा ऑन-ऑफ करून रेलमध्ये दाब भरा आणि प्रत्येक फ्युएल जोडावर कोरडा कागद फिरवा. ओला झाला तर थांबा. अग्निशामक हाताशी हवा, गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला टांगलेला नको.

सुरू झाल्यावर आयडलला पंखा लागेपर्यंत चालवा. बेल्टकडे बाजूने बघा, तो पुलीवर सरकत असेल तर सातव्या पायरीतला सहावा मुद्दा पुन्हा करा. बंद करा, गार होऊ द्या, कूलंट कमी झालं असेल तर पुन्हा भरा. ट्यूनिंग होईपर्यंत बूस्ट येईल इतका थ्रॉटल द्यायचा नाही. गाडी डायनोपर्यंत चालवत न्यायची नाही, ट्रकवर चढवा.

पायरी ९: ट्यूनिंग

ट्यूनरशी बोलताना एएफआरचा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा) आकडा वापरू नका, लॅम्ब्डा वापरा: १ म्हणजे इंधन पूर्ण जळायला लागते तेवढीच हवा, १ पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त. गेज पेट्रोलच्या १४.७ वर आखलेलं असतं, इथेनॉल मिसळल्यावर एएफआरचा आकडा आणि खरं मिश्रण यांत तफावत पडते. लॅम्ब्डा दोन्हींना सारखाच. पूर्ण बूस्टवर ०.८० ते ०.८२ ठेवा. ०.८५ च्या वर गेला की पाय काढा.

टायमिंग सुरुवातीला प्रत्येक पीएसआयमागे एक अंश मागे घ्या, मग लॉग (ईसीयूने नोंदवलेले आकडे) बघून अर्ध्या-अर्ध्या अंशाने पुढे. नॉक सेन्सरने टायमिंग ओढलं असेल तर तिथून दोन अंश मागे येऊन थांबा. शेवटच्या दहा अश्वशक्तींच्या मागे लागू नका, डायनोच्या कागदावर त्या चांगल्या दिसतात पण मेमध्ये त्यांनीच इंजिन जातं.

या तीन गोष्टी ट्यूनरकडून मागून घ्या, सहसा तो आपणहून करत नाही. इनटेकच्या हवेचं तापमान ५० अंशांच्या वर गेलं की टायमिंग आपोआप मागे यावं. ७० च्या वर गेलं की थ्रॉटल आखडून बूस्ट कमी व्हावा. फ्युएल प्रेशर किंवा ऑइल प्रेशर पडला तर इंजिनाने ताकद सोडावी.

डायनोवर पुढे लावलेला पंखा धावत्या गाडीची हवा देऊ शकत नाही, म्हणून सलग पुल (पूर्ण थ्रॉटलवर वरच्या आरपीएमपर्यंतची धाव) मारू नका. दोन पुलांमध्ये इनटेकचं तापमान मूळ आकड्यावर येऊ द्या. हिवाळ्यात ट्यून झालं असेल तर एप्रिलमध्ये पुन्हा लॉग घेऊन ट्यूनरला पाठवा. त्याशिवाय उन्हाळ्यात ट्रॅकवर जाऊ नका.

पायरी १०: पहिल्या काही फेऱ्या आणि खुणा

पहिल्या ट्रॅकच्या दिवशी दोन लॅप, मग पिटमध्ये परत. बॉनेट उघडून बेल्ट, क्लॅम्प, ऑइल आणि फ्युएलचे जोड बघा. त्या दिवसानंतर ऑइल बदला आणि जुनं फिल्टर कापून उघडा. चमकणारा चुरा दिसला तर गाडी पुन्हा सुरू करू नका. ब्लोअरच्या कंसाचे बोल्ट गार इंजिनावर पुन्हा टॉर्क करा, पहिल्या तापण्या-गार होण्यात ते थोडे बसतात.

काय दिसलं तर काय समजायचं:

- बूस्ट वरच्या आरपीएमला वाढण्याऐवजी पडतो, पुलीजवळ काळी भुकटी: बेल्ट घसरतोय.
- बूस्ट अजिबात येत नाही, आवाज मात्र नीट: बायपास उघडा अडकलाय किंवा पाइप निसटलाय.
- लॅम्ब्डा फक्त वरच्या आरपीएमला वाढतो: पंप किंवा त्याची वायरिंग. फ्युएल प्रेशरचा लॉग बघा.
- प्लगच्या पोर्सेलिनवर बारीक काळे किंवा चांदीसारखे ठिपके: ठोके बसताहेत, ॲल्युमिनियम उडतंय. टायमिंग मागे घेईपर्यंत गाडी उभी ठेवा.
- कॅच कॅन दोन सेशनमध्ये भरतो: रिंगा. लीक-डाउन पुन्हा करा.
- आयडलला ब्लोअरमधून खडखड: कपलर (ब्लोअरच्या आतला जोड) झिजलाय.

ट्रॅकला जाताना पेटीत सुटा बेल्ट, आठ प्लग, टी-बोल्ट क्लॅम्प चार, पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर, दोन लिटर ऑइल, छोटा टॉर्क पाना आणि मूळ व ट्यून केलेल्या दोन्ही फाइली असलेला लॅपटॉप ठेवा. पेट्रोल सोलापूरच्याच पंपावरचं न्या, तेही त्या मापाला मंजूर धातूच्या कॅनमध्ये, आणि ट्रॅकवाल्यांना आधी कळवून.